बंदरावरचा दिवस

प्रवासांत माणसाचा खरा स्वभाव कळतो, असें म्हणण्याची वहिवाट आहे. माझा अनुभव थोडा निराळा आहे. स्वभाव कळतो तो प्रवासांत नव्हे, प्रवासापूर्वीं पेटी भरतांना. एकदां पेटीला कुलूप लागलें कीं जो तो सोशिक प्रवासी होऊन बसतो. परंतु कुलूप लागण्यापूर्वीं घरांतल्या प्रत्येकाची हौस, भीति, चिकटपणा आणि सत्ता यांचें यथासांग दर्शन होतें. आम्हीं सहकुटुंब समुद्रसफरीला जाण्याचें ठरविलें तेव्हां आमच्या घरीं हें दर्शन एक रात्र नव्हे, चांगले पंधरा दिवस चाललें होतें.

आमचें गांव देवळी. वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वर्ध्यापासून सुमारें १८ किलोमीटरांवर. भोंवतीं कापसाचीं आणि तुरीचीं शेतें, गांवांत मिरननाथाचें देऊळ. समुद्राचा आणि आमचा संबंध एवढाच, कीं इकडचा कापूस गांठी बांधून मुंबईला जाई व तेथून बोटींत चढे. शेजारच्या हिंगणघाटच्या कापसाचें नांव तर एकोणिसाव्या शतकांत विलायतेंतल्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक होतें. कापूस समुद्र ओलांडून गेला. पिकविणारा मात्र होता तेथेंच राहिला.

माझे वडील याच गांवांत भूगोल शिकवीत. फळ्यावर निळ्या खडूनें पश्चिम किनारा काढून मुंबई, मुरगांव, मंगळूर, कोचीन अशीं टिंबें देत ते मुलांकडून बंदरें पाठ करून घेत. स्वतः त्यांनीं समुद्र कधींच पाहिला नाहीं. 'निवृत्त झाल्यावर तुला समुद्र दाखवीन,' असें त्यांनीं आईला सांगितलें होतें. परंतु निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षीं ते गेले. आई आतां चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. सफर ठरली ती यासाठीं. आणि गंमत अशी, कीं तयारीला लागतांच हेंच कारण मी साफ विसरलों.

तयारीच्या आरंभीं मीं बँकेंतल्या एका जुन्या सहकाऱ्याचा सल्ला घेतला. हे गृहस्थ मूळचे मालवणकडचे. बदलीनें विदर्भांत आले आणि इकडचेच झाले. त्यांच्या लहानपणीं मुंबईहून कोंकणांत आगबोटीनें जात. पुष्कळ बंदरांना धक्का नसे. बोट खोल पाण्यांत उभी राही आणि उतारूंना हेलकावणाऱ्या पडावांत उतरून किनारा गांठावा लागे. त्यांनीं मला दोनच नियम सांगितले. "सामान एका हातानें उचलेल तेवढेंच न्यावें, दुसरा हात दोराला हवा. आणि दुसरें, बोट कोणासाठीं थांबत नसते." मीं मान डोलावली, आणि घरीं येऊन ७१ वस्तूंची यादी केली.

एक गोष्ट मात्र मीं बरोबर केली. सफर डिसेंबरांतली धरली. आमच्यासारख्या कोरड्या मुलखांतल्या माणसाला समुद्र बारा महिने सारखाच वाटतो, पण तो तसा नसतो. पावसाळ्यांत पश्चिम किनाऱ्यावरची लहान वाहतूक बंद ठेवण्याची जुनी चाल आहे, ती उगाच नव्हे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट ऐन पावसाळी तुफानांत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आतांचीं जहाजें प्रचंड असतात हें खरें, तरी म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणाऱ्यानें नोव्हेंबर ते मार्च हाच काळ धरावा. खोली जहाजाच्या मध्यावर व खालच्या मजल्यावर मागून घ्यावी. कारण जहाज तेथें कमी डोलतें.

आतां यादीची गोष्ट. पत्नीनें यादी पाहिली आणि 'यांतलें अर्धें काढा,' असा हुकूम सोडला. तो मीं तत्काळ अंमलांत आणला. म्हणजे तिच्या चार साड्या काढल्या, मुलीचे दोन जोड काढले आणि आईचा पितळी गडू काढला. माझीं तीन प्रवासवर्णनें, दुर्बीण, दोन कोट, प्रवासी इस्त्री आणि लांब तारेचा विजेचा फळा या वस्तू मला अपरिहार्य वाटल्या.

"गडू काऊन काढला रे बाबू?" आईनें विचारलें.

"आई, जहाजावर पेले असतात."

"मले प्याले नाही पाह्यजे," एवढेंच ती म्हणाली आणि आंत निघून गेली. गडू कशासाठीं, हें विचारण्यास मला सवड नव्हती. मी इस्त्रीला पेटींत जागा करीत होतों.

२८ फेब्रुवारी २०२४ पासून वर्धा ते कळंब हा नवा लोहमार्ग सुरू झाला आणि देवळीला रेल्वे आली. परंतु मुंबईची गाडी धरायला आम्ही नेहमीप्रमाणें मोटारीनें वर्ध्यालाच गेलों. सुमारें साडेसातशें किलोमीटरांचा तो प्रवास दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांच्या सोबतीनें रात्रींत संपला. दुपारीं आम्ही बंदरावर पोंचलों, आणि तेथल्या तपासणींत माझी अपरिहार्य इस्त्री पहिल्या झटक्यास बाहेर आली. पाठोपाठ विजेचा फळा. मग आईच्या पिशवींतली काड्यापेटी, उदबत्त्यांचा पुडा आणि पानाच्या डब्यांतला अडकित्ता. एक पावती मिळाली आणि सर्व वस्तू परतीच्या दिवसापर्यंत ठेवून घेण्यांत आल्या.

मी प्रथम चिडलों. नंतर विचार केला तेव्हां तपासनिसाचें म्हणणें पटलें. गांवांत आग लागली तर वर्ध्याहून बंब येतो. भर समुद्रांत कोण येणार? म्हणून जहाजावर उघडी ज्योत आणि तापणारें उपकरण वर्ज्य; धारेचें हत्यारही वर्ज्य. देवापुढें निरांजन लावल्याशिवाय आई चहा घेत नाहीं. त्या पांच दिवसांत तिनें तुपांत भिजवलेली फुलवात निरांजनांत ठेवली, हात जोडले, आणि न पेटवितांच पूजा केली. "त्याले माहीत हाये आपण कुठं हाओ तं," असें ती म्हणाली. घरून निघतांनाच हा नियम मीं वाचून तिला सांगितला असता तर तिला पहिल्या दिवशीं जो खेद झाला तो झाला नसता. जहाजावर काय न्यावें याची यादी करण्याआधीं काय नेऊं देत नाहींत याची यादी वाचावी.

दुसरी चूक याहून जड होती. मोठ्या पेट्या बंदरावरच ताब्यांत घेतात आणि त्या खोलींत पोंचेपर्यंत संध्याकाळ होते. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मीं नीट, व्यवस्थित, पेटीच्या तळाशीं ठेविल्या होत्या. सात वाजतां तिची गोळी घेण्याची वेळ. पेटी आली रात्रीं नऊला. ते दोन तास मी बोळांत येरझारा घालीत होतों, आणि आई मलाच धीर देत होती.

त्या येरझारांत मला आमच्या वर्ध्याच्या पलीकडच्या सेवाग्रामची आठवण झाली. १९३६ सालीं तेथें राहावयास आलेले गांधीजी विद्यार्थी असतांना ४ सप्टेंबर १८८८ रोजीं मुंबईहून विलायतेस निघाले. उतरण्याच्या दिवशीं शोभावा म्हणून त्यांनीं पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख मुद्दाम राखून ठेविला होता. सप्टेंबरच्या अखेरीस ते तो घालून उतरले, आणि पाहतात तों तसे कपडे घातलेले सगळ्या गर्दींत ते एकटेच! बदलावे तर इतरांचें पाहून त्यांनींही सर्व सामान, किल्ल्यांसकट, एका गुमास्त्याच्या स्वाधीन केलेलें. मध्यें रविवार आला, आणि सामान सोमवारशिवाय मिळेना. ही फजिती त्यांनीं आत्मचरित्रांत स्वतःच सांगितली आहे. ती मीं शाळेंत असतांना वाचून हंसलों होतों. जहाजाच्या बोळांत मला तिचा अर्थ कळला.

म्हणून, वाचकहो, जाणाऱ्यानें एवढें करावें. मोठी पेटी कितीही विश्वासानें द्या. पण हातांतल्या पिशवींत ओळखपत्रें, सर्व औषधें, चष्मा, मोबाइलची तार आणि एक जोड कपडे ठेवाच. देशांतल्या सफरीला सरकारी ओळखपत्र पुरतें, परदेशीं बंदर असेल तर पासपोर्ट हवा. आणि लक्षद्वीपाला जायचें तर आपण भारतीय असलों तरी प्रवेशाचा परवाना लागतो, त्याची व्यवस्था आधींच विचारून घ्यावी. खोलींत वाताहत न होण्यासाठीं दोन-चार लोहचुंबकी आंकडे न्यावेत. बहुतेक जहाजांवर खोलीच्या भिंती लोखंडी असतात, त्यांवर टोपी, पिशवी, ओला टॉवेल सारें टांगतां येतें. आंत वातानुकूल यंत्राची थंडी आणि बाहेर ऊन व वारा, म्हणून एक शाल आणि घट्ट बसणारी टोपी. ओल्या पाटावर न घसरणारीं पायताणें. पदराला पिना. ज्यांना बोट लागते त्यांनीं वैद्याला विचारून गोळी आधींच घ्यावी, आलेपाक जवळ बाळगावा, आणि मळमळूं लागल्यास खोलींत पडून न राहतां उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहावें. किनारा दृष्टीआड झाल्यावर मोबाइल बंद किंवा विमानाच्या स्थितींत ठेवावा, नाहींतर जहाजावरच्या उपग्रहजाळ्याचें बिल सफरीच्या आठवणींहून जास्त दिवस पुरतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुरगांव आलें. वडिलांच्या फळ्यावरचें दुसरें टिंब. पण मला टिंबाकडे पाहण्यास वेळ कुठें होता! माझ्या हातांत कार्यक्रमाचा कागद होता: मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, जुन्या गोव्यांतलें बॉम जेझूचें मोठें चर्च, पणजी, आणि शेवटीं मिरामारचा किनारा. जहाज आठला लागणार आणि सहाला सुटणार, म्हणजे हातीं दहा तास, असा माझा हिशेब. बँकेंत आयुष्य गेलेल्या माणसाचा हिशेब इतका चुकावा याची मला अजून लाज वाटते. जहाज लागल्यावर उतारू सोडण्यास तासभर जातो. परत चढण्याची वेळ सुटण्याच्या वेळेपेक्षां तासभर आधींची असते. मुरगांवाहून पणजी सुमारें ३० किलोमीटर. जाण्यायेण्यांत दोन तास धरावे. जेवणाला एक. दहांतून पांच गेले. उरलेल्या पांच तासांत मीं पांच ठिकाणें बसविलीं होतीं, आणि आईचे गुडघे हिशेबांत धरलेच नव्हते.

दिवसभर मोटारींतून उतरणें आणि मोटारींत चढणें एवढेंच चाललें होतें. मंगेशीच्या दीपमाळेखालीं आईला क्षणभर बसायचें होतें; मीं घड्याळ दाखविलें. चर्चमध्यें मुलीनें कांहीं विचारलें. मीं 'मग सांगतों' म्हटलें. पणजींत पोंचलों तेव्हां साडेतीन झाले होते. मिरामार रद्द झाला. परततांना झुआरी नदीच्या अलीकडे मोटारीचें चाक बसलें. रस्त्याच्या कडेला उभें राहून आम्ही चौघें चाक बदलणाऱ्या चालकाच्या पाठीकडे पाहत होतों, आणि मला मालवणकर स्नेह्यांचें दुसरें वाक्य ऐकूं येत होतें. चढण्याची वेळ पांचची. आम्ही धक्क्यावर पोंचलों तेव्हां पांच वाजून दहा मिनिटें झालीं होतीं. शिडीशीं उभा असलेला मनुष्य हातांतल्या यादींतलीं चार नांवें वाचीत होता. तीं आमचीं होतीं.

याचें गमक मला मागून एका अनुभवी सहप्रवाशानें समजाविलें. जहाजानेंच आंखलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा तिची वाट पाहतें. आपण आपली मोटार करून गेलों तर पाहीलच असें नाहीं. चुकलात तर पुढल्या बंदरापर्यंत स्वखर्चानें जाऊन जहाज गांठावें लागतें. म्हणून आपल्या आपण जाणाऱ्यानें बंदराबाहेर पडतांना एका कागदावर जहाजाचें नांव, धक्क्याचा क्रमांक, चढण्याची वेळ आणि बंदरावरील जहाजाच्या प्रतिनिधीचा दूरध्वनि लिहून खिशांत ठेवावा, तोही प्रत्येकाच्या खिशांत. घड्याळ जहाजाच्या घड्याळाशीं जुळवावें. सर्वांत लांबचें ठिकाण सकाळीं पाहून दुपारीं बंदराच्या जवळ येत जावें. आणि चढण्याच्या वेळेच्या दोन तास आधीं परतीची वाट धरावी. त्या दोन तासांचा कंटाळा येईल. येऊं द्यावा.

त्या रात्रीं जेवण झाल्यावर आई कठड्याशीं उभी होती. खालीं काळें पाणी कापलें जात होतें. मीं फुशारकीनें विचारलें, "काय आई, गोवा कसा वाटला?"

"देव पाह्यले, चर्च पाह्यलं, पूल पाह्यला," ती म्हणाली. "समुद्र तेवढा राह्यला रे बाबू."

"आई, आपण समुद्रावरच आहों ना!"

"विहिरीत डोकावलं म्हंजे पाणी पेल्यासारखं होते काय?"

मला उत्तर सुचेना. सफर ज्यासाठीं काढली तीच गोष्ट मीं कार्यक्रमांत शेवटीं ठेविली होती, आणि वेळ कमी पडतांच सर्वांत आधीं तीच रद्द केली होती. पेटी भरतांना केलें तेंच मीं बंदरावर केलें होतें. ओझें कमी करायची वेळ आली कीं माणसाचा हात आधीं दुसऱ्याच्या वस्तूकडे जातो.

पुढचा सबंध दिवस पाण्यांतच होता. कोचीसाठीं केलेला दुसरा कागद मीं काढला. त्यावर ज्यूंचें १५६८ सालचें प्रार्थनामंदिर होतें, पोर्तुगीजांनीं बांधलेला मट्टनचेरीचा राजवाडा होता, मसाल्याची बाजारपेठ होती, आणि आणखीही बरेंच होतें. तो कागद आईपुढें ठेवून मीं विचारलें, "यांतलें कोणतें?" चष्मा लावून तिनें तो सावकाश वाचला आणि बोट ठेवलें तें एकाच ओळीवर: फोर्ट कोची, किनारा.

कोचीला आम्ही उतरलों तें वेलिंग्डन बेटावर. हें बेट निसर्गानें केलेलें नाहीं; १९२० ते १९४० च्या दरम्यान बंदर खोल करतांना उपसलेल्या गाळांतून तें उभें केलें आहे. वडिलांनीं हें फळ्यापुढें किती रंगवून सांगितलें असतें, असें मनांत आलें. तेथून फोर्ट कोची जवळच. वाटेंत सेंट फ्रान्सिसचें चर्च लागलें, तेथें १५२४ सालीं वास्को द गामाला पुरलें होतें. पुढें त्याच्या अस्थि पोर्तुगालला नेल्या. दहा मिनिटें आंत गेलों, मुलीला सर्व कांहीं सांगितलें, आणि किनारा गांठला. हा किनारा चित्रांतल्यासारखा मुळींच नाहीं. वाळूचा पट्टा अरुंद, पाणी गढूळ, मधून मधून वाहून आलेली जलपर्णी. एका बाजूला प्रचंड चिनी जाळीं कोळी दोर ओढून वर उचलीत होते आणि पुन्हां पाण्यांत सोडीत होते. माझा थोडा हिरमोड झाला. आईचा नाहीं. पत्नीच्या हाताला धरून ती पाण्यांत घोट्यापर्यंत गेली. पहिली लाट आली तशी ती दचकली, मग मोठ्यानें हंसली. माझ्या आईला इतकें मोठ्यानें हंसतांना मीं कधीं पाहिलें असेन तर तें मला आठवत नाहीं.

मग तिनें पिशवींत हात घातला आणि गडू काढला.

मीं पत्नीकडे पाहिलें. ती जाळ्यांकडे पाहूं लागली. तेव्हां पितळी गडू कोणाच्या साडींत गुंडाळून मुंबईची तपासणी पार करून आला होता, हें मला उमगलें. आईनें गडू भरला, तोंडाला फडकें बांधलें. "तुह्या बाबाईले न्यायचा हाये," ती म्हणाली. आम्ही तेथें अडीच तास बसलों. कांहीं पाहिलें नाहीं. शहाळीं प्यालों, जाळीं वर-खालीं होतांना मोजलीं, आणि चढण्याच्या वेळेच्या सव्वा तास आधीं जहाजावर परत आलों. शिडीशीं तोच मनुष्य होता. आम्हांला पाहून तो हंसला.

१९३१ सालीं गोलमेज परिषदेस जातांना 'राजपुताना' बोटीवर गांधीजींनीं सोबत्यांचें सामान पाहिलें आणि ते अस्वस्थ झाले. अनावश्यक तें सारें एडनहून परत धाडलें गेलें, अशी हकीकत आहे. सामान कमी करावें हा त्यांचा धडा सर्वांना ठाऊक आहे, आणि तो खरा आहे. पण तो धडा गिरवितांना ते स्वतः काय घेऊन निघाले होते हें आपण विसरतों. त्यांनीं आधीं स्वतःची पेटी रिकामी केली होती. मला तसें करतां आलें नव्हतें. परतल्यावर पेट्या उघडल्या तेव्हां तीन प्रवासवर्णनांपैकीं एकाचेंही पान उलटलें गेलेलें नव्हतें, आणि दोन कोटांपैकीं एकाची घडी मोडलेली नव्हती.

गडू देवघरांत वडिलांच्या फोटोपुढें ठेवला होता. उन्हाळा आला तसें त्यांतलें पाणी आटत गेलें. परवां आईनें तो घासायला काढला. तळाशीं थोडी हिरवट कड आणि मिठाचा पांढरा थर होता. तिनें बोटानें चाखून पाहिलें, मलाही चाखायला लावलें, आणि गडू न घासतांच परत जागेवर ठेवून दिला. पुढल्या खेपेस मंगळूर आहे काय, असें मुलगी विचारीत होती. आहे. यादी या वेळीं आई करणार आहे.